घोटभर गप्प

मॅडम: टेम्पो? तुम्ही टेम्पो ठरवलात?

वहिनी: छोटाच होता, मॅडम. त्यांचं सामान तरी कितीसं. एक कपाट, एक पलंग, शिलाई मशीन. एका खेपेत झालं असतं.

मॅडम: त्या बाई आपल्या समुपदेशन केंद्रात काय विचारायला आल्या होत्या?

वहिनी: मुलीकडं राहायला जावं की आहे तिथंच एकटं राहावं, ते ठरत नाही म्हणाल्या.

मॅडम: आणि?

वहिनी: आणि मी ठरवून टाकलं. म्हणजे मुलीला फोन केला. गुणी पोरगी आहे हो. तिच्याकडं खोली रिकामी, जावईही सरळ माणूस. मग म्हटलं, आता घोळ कशाला घालायचा.

मॅडम: हे सगळं त्यांना कधी कळलं?

वहिनी: टेम्पोवाल्यानं बेल वाजवली तेव्हा.

मॅडम: हं.

वहिनी: तुम्ही असं नुसतं हं म्हणू नका, मॅडम. त्यापेक्षा ओरडा.

मॅडम: ओरडून तुम्ही सुधारला असता तर मागच्याच वर्षी सुधारला असता. काल मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले. आता त्या केंद्राची पायरी चढणार नाहीत म्हणाल्या.

वहिनी: त्यांचं वाईट व्हावं म्हणून नाही हो केलं.

मॅडम: कोण म्हणतंय? तुमच्याइतका जीव लावणारा विद्यार्थी या समाजकार्याच्या, एमएसडब्ल्यूच्या वर्गात दुसरा नाही. उगाच नाही सगळी पोरं तुम्हाला वहिनी म्हणत. मीसुद्धा म्हणायला लागले, तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान असून. पण जीव लावणं वेगळं आणि दुसऱ्याच्या आयुष्याचं स्टिअरिंग हातात घेणं वेगळं. मागच्या वर्षी तुम्ही फील्डवर्कमध्ये नापास झालात ते याच पायी. यंदा झालात तर नियम माहीत आहे ना?

वहिनी: कोर्स सोडावा लागतो.

मॅडम: परत प्रवेशही नाही. आता सगळं परवाच्या प्रात्यक्षिकावर आहे. बाहेरच्या परीक्षक येणार आहेत. समोर एक बाई बसेल, तिची अडचण सांगेल, आणि तुम्ही तिची मुलाखत घ्यायची. काचेच्या पलीकडून आम्ही बघणार. आजच सांगते, सल्ला दिलात की संपलं.

वहिनी: तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात फ्लोअर सांभाळला मी. दोनशे बायका हाताखाली. एखादीचं मशीन अडलं तर तिच्याशेजारी बसून, तुम्हाला कसं वाटतंय असं विचारत बसले असते तर सगळा माल तिथंच पडून राहिला असता. माझे हात शिवशिवतात, मॅडम. समोरचा माणूस अडचण सांगायला लागला की अर्ध्यातच मला उत्तर दिसायला लागतं.

मॅडम: मग या कोर्सला कशाला आलात?

वहिनी: तुम्हाला सांगितलंय की प्रवेशाच्या मुलाखतीत.

मॅडम: परत सांगा. तुम्हालाच ऐकू दे.

वहिनी: कारखाना बंद झाला, तेव्हा तुमच्यासारखीच एक समाजकार्याची मुलगी आली होती. एकेकीला बोलवायची आणि समोर बसायची. मला इतका राग यायचा तिचा. म्हटलं, ही काही करत नाही, नुसती बसते. मग माझी पाळी आली. तिनं विचारलं, आता तुम्हाला काय हवंय? मी सगळ्यांची यादी सांगितली. हिला नोकरी हवी, तिच्या मुलाला शाळा हवी. तर म्हणते, नाही, तुम्हाला. आणि गप्प बसली. शेवटी तोंडातून निघालं, शिकायचं राहिलंय. मग रडले. चांगली हमसून रडले, त्या मुलीसमोर.

मॅडम: तेव्हा ती काय करत होती?

वहिनी: काही नाही. बसली होती.

मॅडम: हेच शिकायचं राहिलंय तुमचं. बाकी पेपर तुम्ही कसेही काढाल. ऐका, एक युक्ती सांगते. मीही तुमच्यासारखीच बडबडी होते, तेव्हा माझ्या सरांनी सांगितली होती. शेजारी पाण्याचा ग्लास ठेवायचा. सल्ला जिभेवर आला की एक घोट घ्यायचा, पण गिळायचा नाही. समोरचा माणूस पुढं बोलायला लागला की मगच गिळायचा.

वहिनी: आणि तो बोललाच नाही तर?

मॅडम: बोलतो. आपणच त्याला बोलू देत नाही म्हणून आपल्याला ते माहीत नसतं.

*

बेबी: पाण्याचा जग भरून आणलास? सराव करायचाय की अंघोळ?

वहिनी: फालतूपणा नको, नणंदबाई. उद्या परीक्षा आहे माझी. तू इथं खुर्चीत बस. ताठ नको, जरा खचल्यासारखी बस. दिवा डोळ्यांवर येतोय का तुझ्या? थांब, पडदा ओढते.

बेबी: वहिनी, अजून मी अडचणीत आलेली नाहीये.

वहिनी: बरं. मी विचारते. नमस्कार, या, बसा. काय म्हणताय?

बेबी: ताई, काय सांगू. माझा नवरा फार पितो हो.

वहिनी: घरातले पैसे आधी तुमच्याकडं घ्या.

बेबी: वहिनी.

वहिनी: गेलंच तोंडातून. परत घेऊ. बोल.

बेबी: माझी सासू मला रोज घालूनपाडून बोलते.

वहिनी: आणि तुम्ही ऐकून घेता? एकदा तोंडावर सांगून टाका की...

बेबी: पाणी.

वहिनी: हो हो. घेते. अं. अं.

बेबी: तोंडात पाणी धरून माझ्याकडं डोळे वटारू नकोस. क्लायंट पळून जाईल.

वहिनी: हसवू नकोस, अंगावर सांडलं सगळं. अगं, हे तुझं नाटकी वाटतं म्हणून मला जमत नाही. नवरा पितो, सासू छळते. खरं वाटेल असं काही तरी सांग. साधंच, पण खरं.

बेबी: खरं?

वहिनी: हो. विचार कर हवं तर. मी थांबते.

बेबी: बरं. विचार आता.

वहिनी: या, बसा. काय म्हणताय?

बेबी: माझं तसं काही वाईट चाललेलं नाही.

वहिनी: हं.

बेबी: सगळे म्हणतात, नशीबवान आहेस. नवऱ्यानं टाकली तेव्हा भाऊ-वहिनीनं हात दिला. घरात घेतलं. माझ्या वहिनीनं मला सावरलं हे खरंच आहे. अंथरुणातून उठवून दवाखान्यात नेलं, केस विंचरले, चष्म्याच्या दुकानात नोकरी मिळवून दिली. माझा चष्मासुद्धा तिनंच निवडला.

वहिनी: वा, चांगलं जमतंय तुला. आपल्याच घरातलं घेतलंस ते बरं केलं. पुढं?

बेबी: पुढं असं की, या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

वहिनी: हं.

बेबी: कामावरून घरी येते तर दिवा लागलेला असतो. चहा तयार असतो. दीड चमचा साखर घातलेला. मला एक चमचा लागते. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, मग सांगण्यात काही अर्थ राहिला नाही. आता दीड चमच्याची सवयही लागली. खरं तर मला दीडच आवडते की काय, ते आता मलाच कळत नाही.

वहिनी: तुला एक चमचा लागते?

बेबी: क्लायंटला लागते.

वहिनी: हां. बरं. घोट घेते.

बेबी: मला वेगळं राहायचंय. एक खोली घेऊन. एकटं. रुसून नाही, कुणावर रागही नाही. मला एकदा अंधाऱ्या घराचं कुलूप उघडायचंय आणि दिवा स्वतःच्या हातानं लावायचाय. इतकंच. पण हे तिला सांगायचं म्हणजे तिच्या बारा वर्षांवर पाणी ओतल्यासारखं होईल. म्हणून रोज ठरवते आणि रोज चहा पिऊन गप्प बसते.

वहिनी: बेबी.

बेबी: गिळलंस तू पाणी.

वहिनी: हे सरावातलं आहे ना?

बेबी: तूच म्हणालीस, खरं सांग.

वहिनी: आमच्यात काय कमी पडलं तुला?

बेबी: काही नाही. तेच तर सांगतेय.

वहिनी: दादाला कळलं तर काय वाटेल त्याला? बाहेर एकटीनं राहायचं वय आहे का हे? आजारी पडलीस तर कोण बघणार? तुला साधा ताप आला तरी घाबरतेस तू.

बेबी: पूर्वी घाबरत होते.

वहिनी: मी तोंडावर बोलते, माझ्या पोटात काही राहत नाही. तू बारा वर्षं पोटात ठेवलंस? साखरेचं सुद्धा?

बेबी: वहिनी, रडू नकोस ना.

वहिनी: रडत नाहीये. बरं. ठीक आहे. राहायचंय ना वेगळं? राहा. पण भलत्या ठिकाणी नको. माझ्या कारखान्यातल्या एकीची खोली आहे, वरच्या मजल्यावर, उजेड चांगला. उद्या परीक्षा झाली की बोलते तिच्याशी. गादी आपली जुनी घेऊन जा, नव्यानं भरून घेऊ. गॅसचं मी बघते. आणि टेम्पोवाला माझ्या ओळखीचा आहे, तो...

बेबी: पाणी, वहिनी.

वहिनी: काय?

बेबी: पाणी पी. मी झोपते. उद्या लवकर उठायचंय तुला.

*

समोरची बाई: मी कुठून सुरुवात करू?

वहिनी: तुम्हाला सोपं वाटेल तिथून.

समोरची बाई: आई माझी. अंथरुणाला खिळलीये. मी एकुलती एक. शाळेत शिकवायचे, ती नोकरी सोडली. दिवसभर तिचं करते. भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे. अजून बरीच वर्षं काढतील.

वहिनी: दिवसभर तुम्ही एकट्याच असता?

समोरची बाई: एकटीच. मदतीला कुणी टिकत नाही. चांगली बाई मिळतच नाही हो हल्ली.

वहिनी: माझ्या ओळखीची एक...

समोरची बाई: काय म्हणालात?

वहिनी: काही नाही. माझं मध्येच आलं. तुम्ही सांगत होतात, मदतीला कुणी टिकत नाही.

समोरची बाई: हो. आणि टिकलं तरी आईला दुसऱ्याचा हात चालत नाही. मीच लागते. लोक म्हणतात, काय लेक आहे, अशी सेवा कोण करतं आजकाल. शेजारणी आपल्या मुलींना माझं उदाहरण देतात.

वहिनी: हे ऐकलं की तुम्हाला कसं वाटतं?

समोरची बाई: बरं वाटतं. बरंच वाटायला हवं ना?

वहिनी: वाटायला हवं म्हणताय.

समोरची बाई: म्हणजे वाटतंच. नाही, असं काही नाही. जाऊ दे. माझं सांगून झालं. आता तुम्ही सांगा, मी काय करू?

(बराच वेळ कोणीच बोलत नाही.)

समोरची बाई: कधी कधी मला वाटतं, ती एकदाची जावी.

वहिनी: हं.

समोरची बाई: भरवता भरवता वाटतं. चमचा हातात असतो आणि मनात हे. मी फार वाईट आहे का हो?

वहिनी: हे याआधी कुणाला बोलला होतात?

समोरची बाई: नाही. कुणालाच नाही.

वहिनी: आज बोललात.

समोरची बाई: हो.

वहिनी: बोलल्यावर आता कसं वाटतंय?

समोरची बाई: भीती वाटतेय. आणि जरा हलकंही वाटतंय. तुम्हाला माझी किळस नाही आली?

वहिनी: नाही. मला वाटलं, किती दमल्या असाल तुम्ही. मला घाई नाही. तुम्हाला अजून बोलायचं असेल तर मी बसलेय.

*

मॅडम: अशा जिन्यात काय बसलात? आत सगळे शोधतायत तुम्हाला.

वहिनी: आत बसवेना. टेबलावर पाणीच नव्हतं, मॅडम. आत शिरल्याबरोबर बघितलं. ना ग्लास, ना जग. शेवटी जीभ दाताखाली धरून बसले. आणि ती ओळखीच्या बाईची गोष्ट तर तोंडातून निघालीच होती. एक शब्द पुढं गेले असते तर तिचा पत्ताही दिला असता. परीक्षकबाईंनी ऐकलं असणार.

मॅडम: ऐकलं.

वहिनी: संपलं मग.

मॅडम: मागे सरलात तेही ऐकलं. अडखळून सावरणं हे न अडखळण्याहून अवघड असतं, असं त्या म्हणाल्या. माझं वाक्य नाही हे, त्यांचं आहे.

वहिनी: म्हणजे काय?

मॅडम: सांगते. आधी एक विचारू? तिनं तोंडावर विचारलं, मी काय करू. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?

वहिनी: खरं सांगू? तिच्या आईला कुठल्या केंद्रात ठेवायचं, दिवसा कोण, संध्याकाळी कोण, सगळं आखून तयार होतं डोक्यात. मग घरातली आठवली.

मॅडम: कोण?

वहिनी: माझी नणंद. बेबी. काल तिच्यासोबत सराव केला. ती एक गोष्ट बारा वर्षं बोलायची थांबली होती, मॅडम. माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून. का, तर मी थांबतच नव्हते. काल ती बोलली आणि मी लगेच तिला गादी भरून द्यायला निघाले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि आज ही बाई समोर बसून विचारते, काय करू. म्हटलं, आता बोललीस ना बये, तर हिच्याही पोटात असंच काहीतरी राहून जाईल. म्हणून नाही बोलले. तोंडात पाणी नव्हतंच. नुसतीच थांबले.

मॅडम: ती बाई नाटकात काम करते, माहीत आहे ना?

वहिनी: असेल. रडली मात्र खरी.

मॅडम: सगळी भूमिका परीक्षकबाईंनी तिला लिहून दिली होती. त्यात एक वाक्य असं होतं की विद्यार्थी खरोखर थांबला तरच म्हणायचं. मध्ये बोलला तर म्हणायचं नाही, तसंच उठून जायचं.

वहिनी: कुठलं वाक्य?

मॅडम: ती एकदाची जावी.

वहिनी: अगं बाई.

मॅडम: सकाळपासून एकालाही ते ऐकू आलं नव्हतं. हुशार हुशार पोरं आहेत माझी. कुणी पुस्तकातलं सांगितलं, कुणी धीर दिला, कुणी योजनांची माहिती दिली. ती बाई ते वाक्य पोटात घेऊन तशीच उठून जात होती. जेवायच्या सुट्टीत मला म्हणाली, मॅडम, हे वाक्य आता मला जड व्हायला लागलंय. ते ऐकलं फक्त तुम्ही.

वहिनी: मी?

मॅडम: वहिनी, तुम्ही पास झालात. नुसत्या पास नाही. परीक्षकबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत इतकी चांगली शांतता पाहिली नव्हती. फील्डवर्कमध्ये वर्गात पहिल्या आहात तुम्ही.

वहिनी: परत सांगा.

मॅडम: पहिल्या.

वहिनी: अहो, शाळेत कधी पहिल्या दहातसुद्धा नव्हते मी. बडबडीबद्दल बाकावर उभी असायचे. आणि गप्प बसण्यात पहिली?

मॅडम: हसता काय आणि रडता काय. एक काही तरी करा.

वहिनी: दोन्ही येतंय, त्याला मी काय करू. मॅडम, तुमच्या पाया पडू का?

मॅडम: अजिबात नाही. तुम्ही मला मोठ्या आहात. आणि अजून एक. त्या टेम्पोवाल्या बाईंचा सकाळी फोन आला होता.

वहिनी: काय म्हणाल्या?

मॅडम: सोमवारी येते म्हणाल्या. तुमच्याकडंच. म्हणे, बाई आगाऊ आहे पण मनानं चांगली आहे, तिला म्हणावं फक्त ऐकून घे. मुलीकडं जायचं की नाही ते मी ठरवीन.

वहिनी: मी त्यांची माफी मागते. आणि मग ऐकते. कितीही वेळ लागू दे.

मॅडम: हे ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते. चला आत. पोरांनी तुमच्या नावाचा गोंगाट करून ठेवलाय, आणि तुम्ही इथं जिन्यात.

*

बेबी: मला दुकानात फोन आला. तुझ्या वर्गातल्या पोरांचा. एकाच फोनवर पाच-सहा जण ओरडत होते. मला फक्त पहिली, पहिली एवढंच ऐकू आलं. मालकांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, माझी वहिनी पहिली आली. त्यांनी गिऱ्हाइकांनाही सांगितलं. अख्खं दुकान टाळ्या वाजवत होतं बघ.

वहिनी: चष्म्याच्या दुकानात?

बेबी: एक आजोबा डोळे तपासायला आले होते, तेही वाजवत होते. त्यांना अजून कळलं नसेल कशासाठी. दादा कुठाय?

वहिनी: सगळ्या बिल्डिंगला सांगायला गेलाय. वरच्या मजल्यापासून सुरुवात केलीये. ये, बस. चहा ठेवलाय.

बेबी: दे.

वहिनी: साखर घातली नाहीये. डबा इथं ठेवलाय. तुझी तू घे.

बेबी: वहिनी.

वहिनी: घे की. मी बघतसुद्धा नाही.

बेबी: एक चमचाच आवडते मला. आता कळलं.

वहिनी: बेबी, काल मी चुकले. तू एवढं बोललीस आणि मी तुझं घर मांडायला निघाले. मला वाईट कशाचं वाटलं माहितीये? तू जाणार याचं नाही. म्हणजे त्याचंही वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण माझ्यापाशी बोलायला तुला बारा वर्षं लागली, ते फार लागलं मनाला.

बेबी: तू वाईट नव्हतीस ग कधीच. तुझं नेहमी बरोबरच असायचं. चष्मासुद्धा मला हाच शोभतो, मी आरशात सगळे लावून बघितलेत. त्याचाच त्रास होता. चुकली असतीस तर भांडता तरी आलं असतं. तेव्हा तू नसतीस तर मी आज नसते, हे मला रोज आठवतं. म्हणून तर जीभ रेटत नव्हती.

वहिनी: आता विचारू? सरावाचं नाही. खरंखुरं.

बेबी: विचार.

वहिनी: तुला काय हवंय?

बेबी: तू खरंच गप्प बसलीस की.

वहिनी: बसलेय. तू बोल.

बेबी: खोली बघितलीये मी. दुकानामागच्या गल्लीत. तळमजल्यावर, उजेड कमीच आहे, तुला मुळीच आवडणार नाही. खिडकीतून भिंतच दिसते. पण त्या भिंतीवर दुपारी ऊन येतं आणि मला ते बघत बसायला आवडतं. घरमालकीणबाईंशी बोलले. पुढच्या रविवारी जायचं म्हणतेय.

वहिनी: हं.

बेबी: दादाला मी सांगणार. तू नाही सांगायचं.

वहिनी: नाही सांगत.

बेबी: गादी जुनीच नेणार, आहे तशी. भरून नको.

वहिनी: बरं.

बेबी: आणि दर गुरुवारी तुम्ही दोघांनी माझ्याकडं जेवायला यायचं. स्वयंपाक मी करणार. तू मीठसुद्धा वरून घ्यायचं नाहीस.

वहिनी: हे जरा जड जाईल.

बेबी: पहिली आलीस ना? मग.

वहिनी: सामान कसं नेणार, हे विचारलं तर चालेल? सल्ला नाही. नुसतं विचारतेय.

बेबी: टेम्पो ठरवलाय.

वहिनी: तू?

बेबी: मीच. आज दुपारी. तुझा निकाल कळला आणि बाहेर पडून सरळ फोन लावला. छोटाच आहे. एका खेपेत होईल.

वहिनी: पुढं ड्रायव्हरशेजारी आपण दोघी मावतो का, ते विचारलंस?

बेबी: पहिलं तेच विचारलं. मावतो.